आत्यांना एकट्याने उठता येईल असा हॉल

२०२४च्या भाऊबीजेला आत्या नेहमीसारख्या सकाळीच कल्याणहून आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नानांची, धाकटी बहीण. वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि निघायची वेळ झाली तेव्हा त्यांना आमच्या सोफ्यावरून उठता येईना. सोफा खोल आणि मऊ. त्या पुढे सरकल्या, तळवे टेकले, तर तळवेच गादीत रुतले. शेवटी नवरा आणि दीर दोन बाजूंनी धरून त्यांना उभं करायला गेले. सगळे बघत होते. आत्या हसल्या, पण दारात चपला घालताना मला हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला आपली स्वयंपाकघरातली खुर्ची दे गं. तिथेच बसेन मी."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. भावाच्या घरी वर्षातून एकदा हक्काने येणारी बहीण, आणि तिला बैठकीच्या खोलीत बसायची भीती वाटते. त्या रात्री मी टेप घेऊन हॉल मोजला.

आमचं घर डोंबिवलीत, पहिल्या मजल्यावर, इमारत १९९६ची. हॉल दहा फूट बाय पंधरा फूट. पूर्वेला दार, समोर पश्चिमेला गॅलरी, दाराच्या डाव्या हाताला स्वयंपाकघराकडे जायची वाट. सोफ्याची उंची जमिनीपासून पंधरा इंच भरली. बसल्यावर तो दबतो, तेव्हा मोजली तर साडेबारा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची अठरा इंच होती. आत्यांना ती खुर्ची का हवी होती, ते या साडेपाच इंचांत कळलं.

मग मी आठवडाभर एक उद्योग केला. मुलीच्या गणिताच्या चौकटींच्या वहीत हॉलचा नकाशा काढला, एक चौकट म्हणजे अर्धा फूट, आणि कोण कधी कुठे बसतं ते रोज रात्री खुणा करून ठेवलं. नाना सकाळी पेपर आणि शब्दकोडं घेऊन गॅलरीत प्लास्टिकच्या स्टुलावर. आई, म्हणजे सासूबाई, भाजी निवडायला स्वयंपाकघरात. मुलगी अभ्यासाला आतल्या खोलीत पलंगावर. आम्ही दोघं रात्री सोफ्यावर, तेही टीव्ही चालू असेपर्यंत. सात दिवसांत हॉलमध्ये दोन माणसं एकमेकांशी बोलत बसलीत अशी एकही खूण नव्हती. घरातली सगळ्यात मोठी खोली, आणि आम्ही तिच्यातून नुसते ये-जा करत होतो.

याचं कारण शोधायला वेळ लागला, पण सापडलं तेव्हा बाकीचं आपोआप उलगडलं. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर होता, दाराला लागून. समोर पश्चिमेची गॅलरी. दुपारी तीननंतर ऊन सरळ पडद्यावर यायचं आणि चित्र दिसायचं नाही, म्हणून आम्ही गॅलरीचे जाड पडदे ओढायचो. खोली अंधारी, म्हणून भर दुपारी ट्यूब. हवा बंद, म्हणून पंखा पाचवर. सोफा टीव्हीकडे तोंड करून, त्याचा एल आकाराचा पाय गॅलरीचं अर्धं दार अडवून. दारातून आलेला माणूस थेट टीव्हीच्या बाजूला उगवायचा, आणि सोफ्यावर ओळीने बसलेले सगळे त्याच्याकडे बघायचे. आलेल्याने टीव्हीसमोरून वाकून जायचं. दहा वर्षं आम्ही असेच राहिलो आणि कुणालाही वेगळं काही वाटलं नाही.

नवऱ्याला नकाशा दाखवला. तो म्हणाला, "मग टीव्ही हलवू. त्याला काय लागतं?" लागलं बरंच, पण सुरुवात तिथून झाली.

सोफा डिसेंबरमध्ये गेला. सुताराने मागचे बोल्ट काढून त्याचे दोन तुकडे केले आणि ओळखीतल्या एका कुटुंबाने तो नेला. त्यांच्या घरी सगळे तरुण आहेत, त्यांना खोल सोफा आवडला. शोकेसही काढलं. त्यातल्या वस्तूंची वाटणी मात्र आईंनी स्वतः केली, कारण त्यातली निम्मी भांडी त्यांच्या मंगळागौरीतली होती. सावंतवाडीची लाकडी फळं तेवढी त्यांनी बाहेर ठेवायला सांगितली.

आता नवीन काही आणायचं, तर रंग आधी, आणि रंगाआधी पश्चिमेच्या भिंतीची ओल. त्यामुळे संक्रांतीला आमचा हॉल रिकामा होता. अगदी रिकामा. एक कोपरा, त्यात टीव्ही कापडात गुंडाळून ठेवलेला, बाकी फरशी. मी आईंना म्हटलं, "यंदा हळदीकुंकू राहू दे. बसायला काही नाही."

"बसायला जमीन आहे की," आई म्हणाल्या आणि माळ्यावरून सतरंज्या काढायला लावल्या.

बावीस जणी आल्या. दोन सतरंज्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, कडेने चार लोड, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी शेजारून आणलेल्या पाच खुर्च्या. दरवर्षी बायका यायच्या, सोफ्याच्या टोकाला टेकायच्या, वाण घ्यायच्या आणि पाच मिनिटांत उठायच्या. त्या दिवशी कुणी उठेचना. गोल बसल्या होत्या ना, प्रत्येकीला दुसरीचा चेहरा दिसत होता. तिळाच्या वड्यांवरून गप्पा माहेरावर गेल्या, मग समोरच्या काकूंनी उखाणा घेतला, मग सगळ्यांनी घेतले. गॅलरीचं दार पूर्ण उघडं होतं आणि संध्याकाळचं ऊन सतरंजीवर लांबपर्यंत आलं होतं. ते ऊन आमच्या घरात येतं हे मी विसरून गेले होते.

तोपर्यंत माझ्या मोबाइलमध्ये सोफ्यांचे, काचेच्या सेंटर टेबलांचे, फॉल्स सीलिंगचे दीडशे फोटो साठले होते. त्या रात्री ते मी काढून टाकले. फॉल्स सीलिंगचा विचार तर कायमचा सोडला. आमची स्लॅबची उंची नऊ फूट. त्यातले सहा-आठ इंच त्यात गेले की पंखा डोक्यावर येणार, खोली बसकी होणार. दहा फुटी हॉलमध्ये ते करू नये असं मला आता ठाम वाटतं.

ओलीचं काम कंटाळवाणं होतं, पण त्यात घाई केली असती तर सगळा खर्च पाण्यात गेला असता. पोपडे आतून सुटत होते, भेग मात्र बाहेरून होती, गॅलरीच्या पॅरापेटला लागून. आतून कितीही पुट्टी भरली तरी पाणी बाहेरूनच येणार. सोसायटीकडून परवानगी घेऊन आधी बाहेरची भेग भरली, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, आणि आतली भिंत खरवडून पाच आठवडे तशीच उघडी वाळू दिली. रंगाऱ्याला घाई होती, मला नव्हती.

रंगाच्या बाबतीत दुकानातल्या कार्डावर विश्वास ठेवू नये. मी तीन छटांचे छोटे डबे आणले आणि भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून चार दिवस बघितले. फिकट मोहरी सकाळी सुंदर होता, संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन पडलं की नारिंगी पेटायचा. निळसर पांढरा दिवसा स्वच्छ, पण रात्री ट्यूबखाली दवाखान्यासारखा. तिसरा निवडला तो आईंनी. "हा पेजेचा रंग आहे," त्या म्हणाल्या, आणि खरंच तो उकड्या तांदळाच्या पेजेसारखा होता, पांढरा पण जरा उबदार. गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात दुसरा हात संपला.

बसायचं काय, हा खरा प्रश्न. हळदीकुंकवानंतर मला भारतीय बैठक करायची होती, जमिनीवर गादी, लोड, तक्के. पण तीवर आत्या बसणार नाहीत, आईही नाहीत. जमिनीवरची बैठक तरुण गुडघ्यांची. म्हणून मधला मार्ग काढला: खुर्चीच्या उंचीचा दिवाण आणि त्यावर कापसाची गादी. सुतारकाकांना मी माप दिलं ते आईंच्या गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचं, सतरा इंच, वर एक इंच. उठायला उंच जागा बरी.

रुंदीवर आमचं बरंच बोलणं झालं. दिवाण झोपायला तीन फूट लागतो. पण तीन फुटांवर टेकून बसलं की पाय लटकतात. सुतारकाकांनी तोड सुचवली. रुंदी अडीच फूट, म्हणजे तीस इंच, आणि मागे नऊ इंच जाडीचे लोड. बसायला उरतात एकवीस इंच, पाय जमिनीला टेकतात. लोड काढून ठेवले की पाहुण्याला रात्री आडवं होता येतं. सांगाडा सागवानी, वरची फळी अठरा मिलिमीटर प्लायची. प्लाय साधं नको, बीडब्ल्यूआर घ्या, असं त्यांनी बजावलं. उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकतं ते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं.

आणि कठडा. हे माझ्या डोक्यात नव्हतं. आत्यांना उठताना तळवे कशावर टेकायचे? सुतारकाकांनी दिवाणाच्या एका टोकाला बसण्यापासून आठ इंच वर येणारा गोलसर कडेचा कठडा दिला, मुठीत मावेल एवढ्या जाडीचा. अख्ख्या हॉलमध्ये ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त प्रिय आहे.

पिंजाऱ्याला दारात बसवून गादी करून घेतली. घरातल्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस आणि वर थोडा नवा, मिळून अकरा किलो. लोडांतही तोच कापूस, पण उशांना आईंनी सावरीचा घालायला लावला, कारण तो मऊ राहतो. एक चूक इथे झाली. चार इंचांची गादी धरून आम्ही लाकडाची उंची चौदा ठेवली होती. दीड महिन्यात कापूस बसला आणि गादी तीन इंचांहून खाली आली. अठराचे साडेसोळा झाले. मग पायांखाली दीड इंचाचे लाकडी ठोकळे लावले. कापसाची गादी करणार असाल तर ती जवळजवळ निम्मी दबेल हे धरूनच लाकूड कापा. महिन्यातून एकदा तिला गॅलरीत ऊन दाखवावं लागतं, तेव्हा ती पुन्हा फुलते.

एवढं ठरल्यावर वहीतल्या नकाशात सगळं नीट बसलं. दिवाण उत्तरेच्या भिंतीला, भिंतीपासून दोन इंच सोडून. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर, म्हणजे ऊन आडवं जातं, चमक येत नाही, आणि दिवाणापासून सात फुटांवर त्रेचाळीस इंची टीव्ही पुरेसा दिसतो. दिवाणाच्या पूर्वेच्या टोकाला काटकोनात हात असलेल्या दोन लाकडी खुर्च्या, दिवाणावरच्या माणसाशी मान न वळवता बोलता येईल अशा. दक्षिणेला तीन फुटांची वाट मोकळी. गॅलरीजवळच्या कोपऱ्यात मी झाडं मांडणार होते.

तो नकाशा मी नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "यात मी कुठे बसायचं?"

मी गोंधळले. "दिवाणावर, नाना. किंवा खुर्चीत."

"बरं," म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. स्टुलावर.

रात्री नवरा म्हणाला की गुहागरकडच्या घरी नानांच्या वडिलांची आरामखुर्ची आहे, पडवीत पडलेली. लांब हातांची, खालून फळ्या बाहेर ओढून पाय पसरायची. मी ती पाहिली होती. बंद असताना साडेतीन फूट, फळ्या उघडल्यावर साडेपाच. माझ्या नकाशात तिला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोच होती. अवजड, काळपट, वेत फाटलेला. दोन दिवस मी काही बोलले नाही. मग कॅलेंडरची जुनी पानं चिकटवून तिच्या मापाचा कागद केला आणि गॅलरीजवळच्या कोपऱ्यात फरशीवर तिरका ठेवून बघितला. झाडं काढली तर बसत होती. झाडं गॅलरीत जाऊ शकत होती. नाना गॅलरीत का जात होते? उजेडासाठी. या कोपऱ्यात तोच उजेड डाव्या खांद्यावरून येत होता.

एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्यांबरोबर टेम्पोतून खुर्ची आली. वेत विणणारा माणूस शोधायला दीड महिना गेला. शेवटी मिळालेल्या काकांनी आमच्या गॅलरीत बसून तीन दिवसांत ती विणली. वेत आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, ओलाच विणायचा, सुकला की तो आपोआप ताणून घट्ट बसतो. लाकडाला फक्त घासून तेल दिलं. शेवटचा वेत ओला असतानाच नाना दोनदा विचारून गेले, "सुकला का?"

पडद्यांत मी आधी पैसे घालवले. तयार पडद्यांच्या दोन पट्ट्या आणल्या, चार-चार फुटी. सहा फुटांच्या गॅलरीच्या दाराला आठ फूट कापड म्हणजे चुण्याच पडत नाहीत, फलक ताणून बांधल्यासारखं दिसत होतं. कापड दारापेक्षा निदान दुप्पट लागतं. ते परत केले आणि आईंच्या दोन सुती इरकली साड्या घेतल्या, एक विटकरी, एक तपकिरी. त्यांनीच दिल्या. साडेपाच मीटरची साडी मधून कापली की वरखाली दुमडूनसुद्धा साडेआठ फुटांचे दोन पडदे होतात. दोन साड्यांचे चार, मिळून पंधरा फूट रुंद. मागे पांढरं अस्तर, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात रंग वर्षभरात उडाला असता. काठ उभे आले आणि दोन पडद्यांच्या पायाशी टोपपदर. दांडी दाराच्या वर जवळजवळ छताला लावल्यामुळे खोली उंच वाटते. दुपारी अस्तरातून येणारा उजेड विटकरी होऊन भिंतीवर पडतो.

पडद्याचे पैसे निदान परत मिळाले. गालिच्यात तसं झालं नाही. चार बाय सहाचा लोकरी गालिचा मी हौसेने आणला, आणि तिसऱ्याच दिवशी आईंचा पाय त्याच्या कडेला अडखळला. दिवाण धरला म्हणून पडल्या नाहीत. तो तिथल्या तिथे गुंडाळला. आता सोलापूरची पातळ सतरंजी आहे, खाली न घसरणारी रबरी जाळी, आणि तिच्या दोन कडा दिवाणाच्या आणि खुर्च्यांच्या पायांखाली दाबलेल्या. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे सुटी कड असलेलं काहीही जमिनीवर नको.

दिव्यांचं काम वायरमनने एका दिवसात केलं, पण त्याने जेवढा बदल झाला तेवढा रंगानेही झाला नाही. पूर्वी छताजवळ एकच ट्यूब, ६५०० केल्विनची, पांढरीफटक. ती ठेवली, कारण गहू निवडायला आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचायला तीच लागते. तिच्या जोडीला दोन दिवे घेतले, नऊ वॉटचे, २७०० केल्विनचे, जुन्या पिवळ्या बल्बसारख्या उजेडाचे. एक नानांच्या खुर्चीमागे, बांबूच्या परडीच्या शेडमध्ये, दुसरा दिवाणाच्या कोपऱ्यात. वर्षानुवर्षं आमच्याकडे संध्याकाळी दिवेलागणीनंतर जो तो आपापल्या खोलीत जायचा. आता मुलगी दिवाणावर मांडी घालून अभ्यास करते. तिला कुणी सांगितलं नाही.

पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर तळाशी तळहाताएवढा डाग पुन्हा आला. वाढला नाही. तिथे काही टेकवलेलं नाही, हवा लागते, पाऊस संपल्यावर पुन्हा बाहेरून बघू.

२७ ऑगस्टला दीड दिवसाचा गणपती बसला. त्यासाठी दोन खुर्च्या आत गेल्या, टीव्हीखालची जागा मोकळी होतीच, तिथे मखर. आरतीला तीस माणसं सहज उभी राहिली. एल आकाराच्या सोफ्याच्या काळात निम्मी जिन्यात असायची.

२०२५ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. आत्या आल्या आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. मी काही बोलले नाही, नानाच म्हणाले, "अगं, इकडे बस." त्या दिवाणाच्या कठड्याकडच्या टोकाला बसल्या. नाना समोर पाटावर. ओवाळायची वेळ झाली तेव्हा मी आणि नवरा दोघेही नकळत पुढे झालो, पण त्यांनी डावी मूठ कठड्यावर आवळली, पाय जवळ घेतले आणि उठल्या. तबक घेऊन उभं राहिल्यावर त्यांनी त्या कठड्याकडे एकदा वळून बघितलं. दुपारी त्या तिथेच लोडाला टेकून तासभर झोपल्या, पायावर सोलापुरी चादर. संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण कप कुठे ठेवायचा गं इथे?"

सुतारकाका काल माप घेऊन गेले. स्टूल दिवाणापेक्षा दोन इंच उंच करायचं आहे, म्हणजे आत्यांना वाकावं लागणार नाही.